‘त्यात काय एवढं’ वाल्यांसोबत आमची वाटचाल

आमची फर्म छोटीच, मोजकी माणसं. लोकांना काय चांगलं जमतं ते त्यांचं त्यांना ओळखायला मदत करायची आणि मग ते रोजच्या कामात कुठे वापरता येईल ते सोबत बसून बघायचं, हे आमचं काम. मोटिव्हेशनल भाषणं आम्ही करत नाही, टाळ्या वाजतात आणि सोमवारी सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

मी आधी ट्रेनिंगमध्येच नोकरीला होतो, तेव्हा एक गोष्ट सारखी दिसायची. माणसाला विचारलं तुम्हाला काय चांगलं येतं, की तो ज्यासाठी घाम गाळला तेच सांगणार, डिग्री, कोर्स, सर्टिफिकेट. जे सहज जमतं त्याचं नावच नाही, कारण त्याला वाटतं त्यात काय एवढं, हे तर कोणालाही येतं. अहो नाही येत कोणालाही! अकाउंट्सचं काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या, म्हणाल्या माझ्यात तसं काही नाही. बोलता बोलता कळलं की ऑफिसात कोणीही नवीन आलं की त्यांच्याच टेबलावर पाठवतात, कारण त्यांनी एकदा समजावलं की परत विचारावं लागत नाही. पण हे काही पगाराचं काम नाही ना, म्हणून त्यांच्या हिशेबातच नव्हतं. आता त्या निम्मा वेळ नवीन लोकांना शिकवतात, अकाउंट्स सोडलेलं नाही, आणि सोडा असं आम्ही म्हटलंही नाही.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये ‘जोहारी विंडो’ मांडली, म्हणजे आपण स्वतःला किती ओळखतो आणि इतर आपल्याला किती, हे दाखवणारी चौकट, त्यात चार खाने आहेत आणि एक खाना इतरांना दिसतो पण आपल्याला दिसत नाही असा. तिथे फक्त दोष असतात असं लोक धरून चालतात, आमचा अनुभव उलटा आहे. म्हणून पहिल्या भेटीनंतर आम्ही होमवर्क देतो, ओळखीच्या चार-पाच जणांना विचारून या की तुम्ही माझ्याकडे कशासाठी येता. ‘माझे गुण सांगा’ असं विचारायचं नाही, नाहीतर ‘स्वभाव चांगला आहे’ एवढंच हाती लागतं :)

पर्सनॅलिटी रिपोर्ट देत नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही देत. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये सगळ्या विद्यार्थ्यांना तुमचा वेगळा रिपोर्ट म्हणून एकच मजकूर दिला होता, आणि अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क मिळाले! गोड लिहिलं की सगळ्यांनाच पटतं. त्यापेक्षा मॅनेजमेंटवर लिहिणारे पीटर ड्रकर सांगायचे ते बरं, मोठा निर्णय घेताना काय होईल असं वाटतं ते लिहून ठेवा आणि ९ ते १२ महिन्यांनी ताडून बघा. कंटाळवाणं आहे, निम्मे लोक वही हरवतात, पण ज्यांनी ठेवली त्यांना आमची फारशी गरज उरत नाही, धंद्याच्या दृष्टीने वाईटच म्हणा.

काहींना गुण कळतो पण वापरायचा नसतो. एका दादांना भांडणं मिटवणं मस्त जमायचं, पण म्हणाले त्याने माझी झोप उडते. मग राहू दे ना, जमतं म्हणून आवडायलाच पाहिजे असं कुठे आहे. त्यांच्यासोबत आम्ही दुसरं काहीतरी शोधतोय, अजून सापडलेलं नाही.