नळाचे पाणी आणि संसारातला ओलावा

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि तेही बहुधा अवेळी, हे इथे नांदणाऱ्या कोणाला सांगावे लागत नाही. रात्री नळ आला की आमचे हे माझ्याआधी उठतात, मोटार लावतात, पिंप आणि घागरी भरून घेतात, पण मला हाक मारत नाहीत. सकाळी पाहावे तर पिण्याच्या पाण्याचा हंडा गाळून, झाकून, ओट्याच्या खालच्या कडेला ठेवलेला असतो, कारण माझा खांदा दुखतो हे त्यांना ठाऊक असते. वाढदिवसाच्या साडीपेक्षा मला या हंड्याचे मोल अधिक वाटते. (साडी नकोच, असे मात्र कोणी समजू नये.)

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांच्या बोलण्यावागण्याचे निरीक्षण करून सहा वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस केली. ज्यांचे संसार टिकले, त्यांनी जोडीदाराच्या लहानसहान हाकेला १०० पैकी सरासरी ८६ वेळा ओ दिली होती. वेगळे झालेल्यांत हा आकडा ३३ होता. हाक म्हणजे तरी काय, तर उन्हाने भाजून निघालेल्या मे महिन्यात ‘अहो, आभाळ भरून आलंय बघा’ असे कोणीतरी म्हणणे. त्यावर पेपर बाजूला ठेवून गॅलरीत येणारा नवरा मला गजरा आणणाऱ्या नवऱ्याहून अधिक रसिक वाटतो.

माझ्या बाजूनेही काही चालते. दाढ काढल्यापासून यांना कडक भाकरी चावत नाही, पण चारचौघांत ते कबूल करणार नाहीत. म्हणून पंगत बसण्याआधीच मी त्यांच्या ताटात भाकरी चुरून त्यावर शेंगांची आमटी ओतून ठेवते आणि ते काही न बोलता तीच खातात.

जानेवारीत सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या गड्ड्याच्या यात्रेत त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता पडतात, तेव्हा आम्हीही गर्दीत उभे असतो. नंतर यात्रेच्या होम मैदानावर मला आकाशपाळण्यात बसायचे असते. यांना उंचीची धास्ती आहे, तरी डोळे मिटून शेजारी बसतात. ओळखीचे कोणी भेटले की या वयात हे काय, म्हणून हसतात. त्यांनी खुशाल हसावे.