कार्व्हर बघायला गेलो आणि शेरीफ भेटला

आई साताऱ्याहून आमच्याकडे ऑबर्नला आली ती एकच मागणी घेऊन. नायगारा नको, न्यूयॉर्क नको, टस्कीगीला ने. तीस वर्षं शाळेत शिकवताना दर नव्या वर्गाला तिने कार्व्हरची, म्हणजे टस्कीगीत शिकवणाऱ्या, शेंगदाण्यावरच्या संशोधनासाठी गाजलेल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञाची, गोष्ट सांगितलेली. आणि आम्ही सहा वर्षं अलाबामात राहून, अर्ध्या तासावरच्या टस्कीगीला एकदाही गेलो नव्हतो. तेही तिने ऐकवलंच.

समाधीपाशी ती बराच वेळ नुसती उभी होती. मग पर्समधून शेंगदाण्याच्या लाडूंची पुडी काढली, मी डोळे वटारल्यावर परत ठेवली.

तिथून गावातल्या चौकात आलो. कोर्टाची जुनी इमारत, समोर बाग, आणि बागेच्या मधोमध एका कॉन्फेडरेट सैनिकाचा पुतळा. म्हणजे गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा. वस्ती बहुतेक सगळी कृष्णवर्णीय, आणि पुतळा हा! बाकावर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा बसले होते. आई सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दुभाषी अर्थातच मी. कार्व्हरसाठी इतक्या लांबून आलात का, याचं त्यांना कौतुक वाटलं. मग म्हणाले, "आणि आमचा शेरीफ? त्याचं नाव ऐकलंय का?"

शेरीफ म्हटल्यावर आईला आठवला तो मुंबईचा नगरपाल. एक वर्षाचं मानाचं पद, अधिकार काही नाही. एकेकाळी भाऊ दाजी लाड होते, पुढे दिलीपकुमार झाले. इथला शेरीफ म्हणजे अगदी उलट प्रकरण. काउंटीचा, साधारण आपल्या तालुक्याएवढ्या मुलखाचा, पोलीसप्रमुख. तुरुंग त्याचा, कोर्टाचे समन्स पोचवणं त्याचं, गावांबाहेरच्या रस्त्यांवरची गस्त त्याची. बदली नाही की बढती नाही. दर चार वर्षांनी मतं मागायची. (अलाबामात तर तुरुंगातल्या जेवणासाठी आलेल्या पैशांतून काही उरलं, तर शेरीफ ते स्वतःच्या खिशात घालू शकत असे. हा कायदा बदलायला २०१९ उजाडलं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग डाळ पातळच असणार.")

आता जिथे कृष्णवर्णीयांना मत देणंच मुश्कील, तिथे शेरीफ कुणाचा? टस्कीगीत शिकलेले, प्राध्यापकी करणारे कृष्णवर्णीय होते, तरी मतदार यादीत नाव घालताना नाना खुसपटं निघत. १९५७ साली तर गावाची चौकोनी हद्द बदलून अठ्ठावीस कोनांची केली, जेणेकरून जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार गावाबाहेर पडतील. चार्ल्स गोमिलियन नावाचे इथलेच प्राध्यापक सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६० मध्ये जिंकले. याच राज्यात, सेल्माचा शेरीफ जिम क्लार्क छातीवर 'कधीच नाही' असा बिल्ला लावून फिरायचा. मार्च १९६५ मध्ये मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना सेल्माच्या पुलावर झोडपलं, त्यात त्याची माणसं होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. पुढच्या वर्षी क्लार्क निवडणूक हरला, आणि इथे मेकन काउंटीत लुशियस ॲमर्सन निवडून आले. लष्करात राहिलेले, टस्कीगीतच शिकलेले. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांना मतं देता आली तो थोडका काळ सोडला, तर दक्षिणेत निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय शेरीफ. जानेवारी १९६७ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि १९८७ पर्यंत, म्हणजे सलग वीस वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. खुर्ची मऊ नव्हती. १९७१ मध्ये त्यांच्यावरच एका कैद्याला मारहाण केल्याचा खटला झाला. ज्युरीने निर्दोष सोडलं. १९९४ मध्ये ते गेले.

हे सगळं मी घरी येऊन वाचलं. आजोबांनी यातलं एक अक्षरही सांगितलं नाही. ते सांगत होते लहानपणाचं. रात्री शेरीफची गाडी रस्त्याला दिसली की वडील आधी दिवा मालवायचे आणि पोरांना पलंगाखाली घालायचे. चोरी झाली, मारामारी झाली, कुणी शेरीफला कळवत नसे. कळवायचं म्हणजे संकट स्वतः घरी बोलावायचं.

"आणि सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात," ते म्हणाले, "आईच्या कोंबड्या चोरीला गेल्या. सात. ती शेजारच्या दुकानात गेली, फोन उचलला आणि शेरीफच्या ऑफिसला लावला. आयुष्यात पहिल्यांदा." सांगताना त्यांनी उजव्या हाताने अदृश्य रिसीव्हर कानाला धरला होता, करंगळी वर. डेप्युटी आला, वहीत लिहून घेतलं, आजोबांच्या आईने त्याला कॉफी दिली. जाताना तो 'मॅडम' म्हणाला. ते ती रविवारी चर्चमध्ये सगळ्यांना सांगत होती.

मी हे मराठीत सांगेपर्यंत आजोबा पुतळ्याकडे पाठ करून बसले होते. मला वाटतं ते कायमच तसे बसत असावेत. आईने पर्स उघडली, लाडवांची पुडी त्यांच्या हातात ठेवली, आणि मला म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण कोंबड्या मिळाल्या का, ते विचार."

मिळाल्या नव्हत्या.