आण्णांच्या अंगठ्याला माहीत होतं

"ठेवींच्या आकड्यात एक चार जास्त आलाय," असा कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या प्रेसमधून वहिनींचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. ताळेबंदातल्या आकड्याशी माझा काय संबंध, ते आधी कळेना. राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या मशीनची जुनी हार्डडिस्क काढून नव्या प्रकारची डिस्क, एसएसडी, बसवली होती आणि विंडोज नव्याने टाकून रात्री मशीन पोहोच केलं होतं.

"आण्णा म्हणत्यात माऊस आकडं टाकतोय. काल मशीन तुम्हीच नेलेलासा न्हवं? लगेच या. मी प्लेटवाल्याला थांबवून ठेवतो," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा म्हणजे आमच्याकडच्या प्रेसवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या, सगळ्यांना वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि नोटीस सभासदाच्या हातात १४ दिवस आधी पडावी लागते. त्यामुळे सगळ्या संस्थांचे अहवाल एकाच आठवड्यात छापायला येतात. अशा आठवड्यात मशीन उघडायलाच नको होतं. पण जुनी डिस्क मधेच गचके खायला लागली होती, आणि ती अहवालाच्या मध्यावर बसली असती तर जास्त पंचाईत झाली असती. म्हणून मीच आग्रहाने करून घेतलं.

आण्णा त्या प्रेसमध्ये कोरलवर, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर, पानं लावतात. वय ५८. तरुणपणी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या मशीनवर होते. तिथं डाव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा तेवढा राहिला. पुढे डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायला शिकले. ज्यांनी कोरलवर काम केलंय त्यांना ठाऊक असेल, उजवा हात माऊसवर आणि डावा कीबोर्डवर असा दोन हातांचा खेळ असतो. डावा हात सारखा कंट्रोल धरून असतो. डुप्लिकेटला कंट्रोल डी, ग्रुपला कंट्रोल जी, अनग्रुपला कंट्रोल यू, पान छपाईच्या प्लेटला द्यायच्या आधी फाँट कर्व्ह करायला, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करायला, कंट्रोल क्यू. आण्णांना हे जमणं शक्य नव्हतं. प्रत्येक वेळी माऊस सोडायचा, उजव्याच हाताने दोन कळा दाबायच्या आणि परत माऊस धरायचा. दिवसभरात हजार वेळा.

२०१९ च्या महापुरानंतर मी त्यांना एक गेमिंग माऊस आणून दिला. त्याच्या डाव्या कुशीत, अंगठ्याखाली, १२ बारकी बटणं असतात. खेळणाऱ्या पोरांसाठी केलेली वस्तू, पण मी बघताक्षणी मला आण्णा आठवले. प्रत्येक बटणाला एकेक शॉर्टकट लावून दिला आणि पंधरा दिवसांत आण्णा दोन हातांच्या ऑपरेटरला मागे टाकायला लागले. डाव्या हाताचं सगळं काम उजव्या अंगठ्यानं उचललं. मी या धंद्यात पुष्कळ वस्तू विकल्यात, पण एखादी वस्तू माणसाला इतकी लागू पडलेली मी दुसरी पाहिली नाही.

प्रेसमध्ये पोचलो तर आण्णा स्क्रीनपासून खुर्ची लांब सरकवून बसलेले. माऊसला हात लावायला तयार नव्हते.

"चार नंबर दाबला की चारच उमटतोय लेका. पयला झूम व्हायचा," म्हणाले.

मी माऊस हातात घेतला आणि क्षणात सगळं ध्यानात आलं. कुठलाही यूएसबी माऊस जोडला की तो कॉम्प्युटरला स्वतःची ओळख सांगतो, आणि हलणं नि क्लिक करणं या गोष्टी विंडोजमधल्या ठरलेल्या पद्धतीने लगेच चालू होतात. त्याला वेगळं काही लागत नाही. या माऊसची कुशीतली बटणं मात्र त्याचं सॉफ्टवेअर नसलं की साधे आकडे पाठवतात, १ ते ९, मग ०, मग वजा आणि बरोबर. म्हणजे काल रात्रीपासून आण्णा ताळेबंदाच्या चौकटीत कर्सर ठेवून सवयीने अंगठा दाबत होते आणि संस्थेच्या ठेवींत आकडे भरत होते. वहिनींनी मूळ कागदाशी ताडून एक पकडला. आणखी किती घुसलेत, कुणाला माहीत नव्हतं. सभेत एक सभासद उठून उभा राहिला असता तर प्रेसचं नाव गेलं असतं.

सॉफ्टवेअर टाकून दिलं की झालं, असं मी म्हणालो. टाकलं. उघडलं तर पहिल्याच पडद्यावर मेल आयडी आणि पासवर्ड. पुढे जायला दुसरी वाटच नाही.

आता आठवलं. २०१९ साली ते खातं मीच काढलं होतं. आण्णांना मेल नव्हता, म्हणून त्यांच्या नावाने एक मोफतचा मेल आयडी तयार केला, त्यावर माऊसचं खातं उघडलं, बटणं लावली आणि विसरून गेलो. डायरीत पासवर्ड सापडला, पण तो चालेना. पासवर्ड विसरलो म्हणून दाबलं, तर नवा पासवर्ड त्या मेलवर पाठवलाय म्हणाला. मेल उघडायला गेलो तर असं खातंच नाही. मेल देणाऱ्या कंपनीचा नियम होता, दोन वर्षं न उघडलेलं खातं काढून टाकायचं. त्यांच्या बाजूने ते ठीकच असेल. पण तो मेल मी माऊसच्या कुलपासाठीच काढलेला, तो कोण कशाला उघडणार?

डिस्क बदलायच्या आधी मी जुनी कामं, फाँट, कोरलची वर्कस्पेस फाइल, प्रिंटरची सेटिंग, सगळं काढून ठेवलं होतं. माऊसचं काय काढून ठेवायचं, हे मनातही आलं नाही. आलं असतं तरी उपयोग नव्हता. बटणांची मांडणी त्या डिस्कवर नव्हती, माऊसमध्येही नव्हती. काही माऊसच्या पोटात छोटी मेमरी असते, मांडणी त्यातच राहते, दुसऱ्या मशीनला जोडला तरी बटणं तीच. हा तसला नव्हता. याची मांडणी कंपनीच्या सर्व्हरवर होती आणि तिथं जायची वाट बुजली होती.

मोबाईलवरून नवीन खातं काढायला घेतलं. नाव, देश, जन्मतारीख. मी आण्णांना जन्मतारीख विचारली.

"कशापायी?"

"फॉर्मला लागतीय, आण्णा."

"माऊसला माझी जन्मतारीख कशाला लागतीया?" आण्णा चिडले नव्हते, खरोखर विचारत होते. "रोख पैसं दिल्यात मी. बिल हाय माझ्याजवळ. मग ह्यो अजून कुणाला इचारतोय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाही म्हणायला आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, आणि संमती ही त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरायची, असं त्यात आहे. पण बटण दाबल्यावर पान झूम व्हायला कुणाचा जन्म कधी झाला ते लागत नाही, हे समजायला आण्णांना कायदा वाचायची गरज पडली नाही.

त्यांच्या टेबलावर किल्ल्यांच्या जुडग्यात एक डोंगल लटकत होता, मराठी फाँटच्या जुन्या सॉफ्टवेअरचा. पूर्वी या सॉफ्टवेअरला असा डोंगल यायचा, तो कॉम्प्युटरच्या मागे खोचला तरच सॉफ्टवेअर चालायचं. आम्ही दुकानदार तेव्हा त्याला फार शिव्या द्यायचो, कारण डोंगल हरवला की सगळंच गेलं. २०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथं ४३ आहे. कुंभार गल्लीकडून पाणी चढायला लागलं तेव्हा आण्णांनी डोंगल उपसून खिशात घातला आणि बाहेर पडले. कॉम्प्युटर चार दिवस पाण्यात होता, त्याचा चिखल झाला. नव्या मशीनला तोच डोंगल खोचला आणि काम सुरू झालं. आण्णांनी जुडग्याकडे बोट केलं. "ह्यो माझा हुता, म्हणून खिशात घालून नेला. माऊसचं काय नेणार हुतो?"

मी मोबाईल खिशात ठेवला. नवीन खातं काढलं असतं तरी ते रिकामंच मिळणार होतं. मांडणी पहिल्यापासून करायचीच असेल तर ती प्रेसमध्येच राहील अशी करू, असं ठरवलं.

त्या माऊसच्या पोटाशी एक बारीक सरकता स्विच असतो, फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तो दुसऱ्या बाजूला केला की कुशीतली बटणं वरच्या ओळीतल्या आकड्यांऐवजी नंबरपॅडवरच्या कळा पाठवतात. विंडोजला या दोन्ही वेगळ्या दिसतात. मग ऑटोहॉटकी नावाचा मोफत प्रोग्रॅम घेतला. त्यात साध्या अक्षरांत एकेक ओळ लिहायची, ही कळ आली तर तिच्याऐवजी ती पाठव. नोटपॅडमध्ये उघडणारी फाइल. खातं नाही, नेट नाही. आण्णांना आकडे टाकायला नंबरपॅडही लागतो, म्हणून स्क्रोल लॉक दाबलं की नंबरपॅड आकड्यांचा आणि परत दाबलं की शॉर्टकटचा, अशी सोय केली.

एवढं अर्ध्या तासात झालं. खरी अडचण पुढे होती.

"आण्णा, एक नंबरला काय होतं?"

आण्णांनी तोंड उघडलं आणि थांबले. "एकला... थांब." डोळे मिटले. "न्हाई सांगता येत."

झूम चार नंबरला होता एवढं सोडलं तर दुसरं काही आठवेना. मी २०१९ मध्ये लावून दिलेली मांडणी त्यांनी मधल्या काळात कुणाकुणाकडून बदलून घेतली होती, त्यामुळे माझ्या डायरीतली यादीही जुनी झालेली. वहिनी चहा घेऊन आल्या, आमच्याकडे बघून म्हणाल्या, "विचारताय कशाला? काम करू द्या की त्यांना."

आम्ही तसंच केलं. एक जुना अहवाल उघडला, मागच्या वर्षीचा, त्यात काही बिघडलं तरी चालणार होतं. मी वही घेऊन त्यांच्या उजव्या हाताशी स्टुलावर बसलो, डोळे अंगठ्यावर. "आण्णा, स्क्रीनकडं बघा, हाताकडं बघू नका. चेअरमनचा फोटो दुसऱ्या पानावर पायजे." अंगठा दोनवर गेला, मग तीनवर. कॉपी, पेस्ट. "चौकट आणि मजकूर एकत्र बांधा." पाच. ग्रुप. "चुकलं, मागं घ्या." अंगठा खाली सरकून नऊवर, तोही दोनदा, इतक्या सहज की आण्णांना स्वतःला कळलं नाही. "पान प्लेटला चाललंय." शून्य. कर्व्ह. ते बटण सगळ्यात खालच्या ओळीत, अंगठा मुडपल्याशिवाय न सापडणारं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून मुद्दाम तिथं ठेवलेलं असणार. कर्व्ह केलेलं अक्षर परत टाइप करता येत नाही.

मी लिहीत गेलो. प्रेसमध्ये त्या वेळी ऑफसेट छपाईचं मशीन बंद होतं, प्लेटची वाट बघत. वहिनी दारात उभ्या होत्या, बाइंडिंगची दोन पोरं येऊन मागे उभी राहिली. कुणी बोलत नव्हतं. मला त्या तासाभरात असं वाटत होतं की मी कुणाच्या तरी घरात शिरून त्याच्या वस्तू कुठल्या फडताळात आहेत ते लिहून घेतोय. पाच वर्षं तो माणूस रोज थोडं थोडं रचत आला होता. कंपनीच्या सर्व्हरवर ती एक छोटीशी फाइल असेल.

दुपारी एकपर्यंत ११ बटणं भरली. अकरा नंबरचं, वजाच्या कळेचं, तेवढं रिकामं राहिलं. त्याच्यावर अंगठा एकदाही गेला नाही. "असंल कायतरी, ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले.

मग आण्णा, वहिनी आणि मी तिघांनी बसून ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ओळीने ताडून बघितलं. वहिनी मूळ कागदावरून मोठ्याने वाचत होत्या. आणखी दोन आकडे सापडले, एक घसाऱ्यात आणि एक राखीव निधीत. संध्याकाळी सहाला पानं प्लेटला गेली. सभासदांना अहवाल वेळेत मिळाले.

त्या दिवसाचे पैसे मी घेतले नाहीत. खातं मीच काढलं होतं. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात खातं लागेल असं छापलेलं असतं, मी ते कधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं नव्हतं. आता माऊस असो, कीबोर्ड असो, गिऱ्हाइकासमोर खोकं फोडतो, नेट बंद करतो, जोडतो. बटण बदलतंय का? बदललेलं वस्तूतच राहतंय का? दुसऱ्या मशीनला लावून दाखवतो. यात वीस मिनिटं जातात आणि कधी कधी विक्रीही जाते. ज्यांना पुष्कळ शॉर्टकट लागतात त्यांना मी अलीकडे क्यूएमके फर्मवेअरचे (फर्मवेअर म्हणजे वस्तूच्या आतच चालणारा प्रोग्रॅम) छोटे कीपॅड सुचवतो. त्यांची मांडणी कीपॅडच्या आतच लिहिली जाते आणि ते फर्मवेअर सगळ्यांना खुलं आहे.

आण्णांची फाइल मी पेनड्राइव्हवर दिली. त्यांनी ती कागदावरही छापून मागितली. कागद ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि पेनड्राइव्ह जुडग्यात डोंगलशेजारी ओवला.

तुळशीचं लग्न झालं आणि पत्रिकांची कामं सुरू झाली. एका दुपारी आण्णांचा फोन आला, स्वतःचा. ते सहसा फोन करत नाहीत.

"अकरा नंबर घावला," म्हणाले. "मिरर हाय त्यो. पत्रिकेच्या कोपऱ्यातली वेल उलटी करून दुसऱ्या कोपऱ्यात टाकाय गेलो, तर अंगठा आपसूक तिथं गेला. अहवालात वेल कुठली असतीया? म्हणून त्या दिवशी घावला न्हाई."

मी संध्याकाळी जाऊन ती ओळ फाइलमध्ये घातली. कागदावर मी रिकामी सोडलेली जागा होती, तिथं आण्णांनी पेनने आधीच लिहून ठेवलं होतं.