रकाना नऊ: बायोप्सी रिपोर्ट

"बायोप्सीचा रिपोर्ट जोडा, मग तारीख मिळेल." रेडिएशन विभागाच्या नोंदणी खिडकीवर ऐकलेलं हे वाक्य मला अजून तोंडपाठ आहे. दीड वर्ष झालं, कान बरा झाला, तरी ते आठवलं की डोकं तापतं. माझे तीन आठवडे गेले, निदान दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

माझ्या उजव्या कानावर किलॉइड होतं. भावाच्या लग्नाआधी हौसेनं कानाच्या वरच्या कडेला बुगडीसाठी टोचून घेतलं. लग्नात बुगडी मिरवली आणि तीन-चार महिन्यांत तिथे हरभऱ्याएवढी गाठ आली. वर्षभरात ती बोराएवढी झाली. जखम भरून आली तरी शरीर तिथे नवी ऊती घालतच राहतं आणि व्रण मूळ जखमेची हद्द ओलांडून वाढतो, ते किलॉइड. खाज सुटायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. दर चार आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, आठ वेळा. गाठ इतकी टणक की सुई आत शिरायची नाही आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. मग एकदा नुसतीच कापून काढली, तर सात महिन्यांत आधीपेक्षा मोठी होऊन परत आली.

तेव्हा त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "आता कापायचं तर पाठोपाठ रेडिएशन. पहिला डोस चोवीस तासांच्या आत मिळायला हवा." शस्त्रक्रिया पुण्यातल्या एका रुग्णालयात ठरली, रेडिएशन दुसऱ्या. आईला घेऊन मी त्या दुसऱ्या ठिकाणी तारीख घ्यायला गेले.

फॉर्ममध्ये नववा रकाना होता, बायोप्सी रिपोर्ट क्रमांक आणि तारीख. मी तो रिकामा ठेवला.

"मॅडम, हे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही."

"अहो, मला कॅन्सर नाहीये. किलॉइड आहे."

"मग रेडिएशन कशाला?"

मागे रांग उभी होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्यासमोर कानातल्या गाठीवरून हुज्जत घालताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण प्रश्न साधा होता. रिपोर्ट हवा तर गाठ आधी कापायला हवी. कापलेली गाठ प्रयोगशाळेत गेली की रिपोर्ट यायला आठवडा लागतो. आणि डोस हवा चोवीस तासांत. हे मी तीन वेळा समजावलं. ते गृहस्थ उद्धट नव्हते, पण बोट त्या रकान्यावरून हलेना.

दुसऱ्या खेपेला सर्जनांचं पत्र नेलं. "पत्र चालत नाही, रिपोर्ट लागतो." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी सुचवलं, आधी एक छोटा तुकडा काढून तपासून घ्या ना. सर्जनांना सांगितलं तर ते भडकलेच. किलॉइडला नवी जखम म्हणजे नव्या वाढीला आमंत्रण, त्यात निदान डोळ्यांना दिसतंय, तुकडा कशासाठी काढायचा? ठरलेली शस्त्रक्रियेची तारीख मात्र पुढे ढकलावी लागली. त्या रात्री मी रडले.

इथेच सांगून टाकते. पहिल्यांदा गाठ काढली तेव्हा ती तपासायला पाठवलीच नव्हती. पाठवली असती तर तोच कागद नवव्या रकान्यात बसला असता. कुठलीही गाठ काढली की ती तपासायला पाठवायला सांगा आणि रिपोर्ट जपून ठेवा.

पुढे वाचनात आलं की अलिबर्ट या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं १८०६ साली या विकाराला कर्करोगासारखा म्हणून 'कँक्रॉइड' नाव दिलं होतं. लोकांचा कॅन्सरशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यानंच नंतर ते बदललं. दोनशे वर्षं झाली या गोष्टीला, आणि फॉर्ममध्ये अजून 'कॅन्सर नाही' असं लिहायला जागा नाही!

तिसऱ्या खेपेला खिडकीकडे गेलेच नाही. ओपीडीचा नवा केसपेपर काढला आणि रेडिएशनच्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. त्यांनी कान पाहिला, बोटानं गाठ दाबली आणि पेपरवर लिहिलं, कॅन्सर नाही, किलॉइड, रिपोर्ट नंतर जोडावा. खाली सही, शिक्का. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खिडकीवर तो कागद दिला, लगेच तारीख मिळाली. तेव्हा आधी डॉक्टर, मग खिडकी. हे मला पहिल्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. सोमवारी सकाळी भूल देऊन गाठ काढली, संध्याकाळी पहिला डोस, मंगळवारी आणि बुधवारी उरलेले दोन. रोज ४ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं एकक), एकूण १२. कॅन्सरच्या पूर्ण उपचारात बऱ्याचदा ५० ग्रे किंवा त्याहून जास्त देतात, हे ऐकून आईच्या जिवात जीव आला. टाक्यांवर जेलची गारेगार चकती ठेवली, भोवती शिशाचा पत्रा, त्याला कानाच्या कडेच्या मापाचं भोक. टेक्निशियन ताईंनी ते भोक दोनदा टाक्यांशी जुळवून पाहिलं, मग जड दार लावून बाहेर गेल्या. मशीनचा घूं आवाज मिनिटभर. दुखलं काहीच नाही.

शस्त्रक्रिया आठवड्याच्या सुरुवातीलाच ठेवा, कारण शनिवार-रविवार विभाग बंद असतो आणि डोसांत खंड पडतो. हो, आणि बायकांना गर्भधारणा नसल्याची तपासणी लागते, ती आधीच करून न्या. संमतीपत्रात लिहिलेलं असतं की पुढे अनेक वर्षांनी कॅन्सर होण्याचा अगदी थोडा धोका राहतो. ते वाचा, विचारा. मी थायरॉइडबद्दल विचारलं, तेव्हा गळा कसा झाकणार हे त्यांनी दाखवलं. मगच सही केली. कातडी तिथे काळपट होते, माझी अजून थोडी आहे.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला, 'किलॉइड' एवढंच निदान. खिडकीवर नेऊन दिला, त्यांनी फाइलला पिन केला. मी त्यांना म्हटलं, फॉर्मवर एक ओळ वाढवा, माझ्यासारखे आणखी येतील. त्यांनी मान हलवली.

दर तीन महिन्यांनी कान दाखवते. किलॉइड परतलं तर बहुतेकदा दोन वर्षांच्या आत परततं, त्यामुळे अजून सहा महिने धाकधूक आहेच. गेल्या पाडव्याला बुगडी घातली होती, चापाची.