रस्ता आमच्या दारातून, नोंद कोणाच्याच वहीत नाही : माझा अनुभव

सहा महिने मी एकच प्रश्न विचारत फिरले. माझ्या चक्कीसमोरचा रस्ता कोणाचा? बाकीची कामं होत गेली, गावातली माणसं भांडली आणि बोलायलाही लागली, पण या एका ओळीच्या उत्तरासाठी जे हेलपाटे घातले त्याचा संताप अजून उतरलेला नाही. तुमच्याही गावातून जड गाड्या जात असतील आणि तुम्ही बंदीच्या मागे लागणार असाल, तर अर्ज लिहायच्या आधी हे वाचा.

आमचं गाव वर्धा नदीच्या पट्ट्यात. हमरस्त्यानं गेलं की वळसा पडतो, गावातून काढलं की चौदा किलोमीटर वाचतात, म्हणून कोळशाचे आणि रेतीचे ट्रक आमच्या दारातून जातात. दिवाळीनंतर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची भर. रस्ता एवढासा, की दोन बंड्या समोरासमोर आल्या तर एकीनं थांबावं. ओटे रस्त्यावर, अंगणवाडी रस्त्यावर, माझी चक्कीही रस्त्यावर. एक दिवस शेजारच्या काकू दळण घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. ताटात ज्वारीचं पीठ पसरून त्यांनी वरून बोट फिरवलं. वर राखेसारखा थर, बोटाखाली पांढरी रेघ. "हे पाय बाई," एवढंच म्हणाल्या. चक्कीच्या तोंडाला मी दोन पदरी फडकं बांधत होते, तरीही. त्या दळणाचे पैसे मी परत केले आणि त्याच रात्री लिहायला बसले.

पहिलं पाऊल ग्रामसभेचा ठराव. आधीच्या महिला सभेत तो एका मिनिटात झाला. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत मात्र चांगलीच जुंपली. चहाच्या हॉटेलवाल्या भाऊंचं म्हणणं, ड्रायव्हर थांबतात म्हणून माझी चूल पेटते. पंक्चरवाला पोरगा काहीच बोलला नाही, नुसता माझ्याकडे पाहत राहिला, ते मला जास्त लागलं. एका शेतकरी भाऊंनी सरळ विचारलं, "मोठ्या गाड्या बंद, म्हंजे माह्या कापसाची गाडी कोठून येईन? डोक्यावर नेऊ काय?" प्रश्न खरा होता. आणि तांड्यावरचे नायक उठून म्हणाले, "तुमच्या घरची धूळ आमच्या घरी पाठवता काय जी?" गावाच्या बगलेनं तांड्यावरून एक कच्चा रस्ता जातो. आमचा बंद झाला तर ट्रक तिकडूनच घुसणार होते.

मी त्या दिवशी चिडून घरी आले. दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर कळलं की माझी मागणीच चुकीची लिहिली होती. "गावातून वाहतूक बंद करा" असं कधीच लिहू नका. कोणत्या गाड्या, कोणत्या वेळी, कुठून कुठपर्यंत, आणि त्यांनी जायचं कुठून, हे चारही लिहा. आम्ही पुन्हा बसलो. जड मालवाहू गाड्यांना सकाळी 7 ते रात्री 8 बंदी, गावातल्या वावरातून माल भरणाऱ्या गाड्यांना सूट, एसटी आणि रुग्णवाहिका मोकळ्या, आणि पर्यायी मार्ग हमरस्ताच, तांड्यावरून नाही. या ठरावावर हॉटेलवाल्या भाऊंनीही हात वर केला. मनापासून नाही केला, ते मला माहीत आहे. पण केला.

गणपूर्तीचं आधी पाहून ठेवा. सभेला 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार हजर लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. आमची 26 जानेवारीची सभा तेवढे लोक नसल्यानं तहकूब झाली होती. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून दुसऱ्या बैठकीत ठराव होऊ शकला.

ठरावानं गाड्या थांबत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसतं. ग्रामपंचायतीनं बोर्ड लावला तरी ट्रकवाला त्याला मोजत नाही. मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 115 खाली बंदीची अधिसूचना निघावी लागते आणि जिल्ह्यात ती जिल्हाधिकारी काढतात. अर्ज केला की पोलिसांचा अहवाल, आरटीओचा अभिप्राय, आणि रस्ता ज्या यंत्रणेकडे आहे तिचा अभिप्राय मागवतात. पहिले दोन महिनाभरात आले. ठाण्यातले हवालदार स्वतः येऊन चक्कीच्या ओट्यावर बसले आणि दोन तास गाड्या मोजून गेले.

तिसऱ्यापाशी सगळं अडलं.

जिल्हा परिषदेच्या बांधकामाकडे गेले. तिथं म्हणाले, हा रस्ता वर्ग झाला, आता आमच्याकडे नाही. "कोणाकडे गेला जी?" तर राज्याच्या बांधकामाकडे. तालुक्याच्या गावी दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथले बाबू म्हणाले, आमची लांबी गावाच्या वेशीपर्यंत आणि पुढं वेशीपासून, मधलं गावठाण ग्रामपंचायतीचं. ग्रामपंचायतीत आले. ग्रामसेवकांनी नमुना 23 ची वही उघडून दाखवली, ताब्यातले सगळे रस्ते तिच्यात लिहिलेले, हा नाही. म्हणजे ज्या साडेआठशे मीटरवर आमची घरं आहेत, तेवढेच कोणाचे नाहीत. अलीकडचा डांबर सरकारचा, पलीकडचा डांबर सरकारचा, मधली धूळ आमची.

मी म्हटलं, ठीक आहे, हेच लेखी द्या. लेखी कोणी देईना. एका खेपेला साहेब फिल्डवर, दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला, तिसऱ्या खेपेला शाखा अभियंत्यांची बदली झालेली आणि नवे रुजू व्हायचे. चौथ्या खेपेला बाबू म्हणाले, "ताई, तुमचा अर्जच सापडत नाही." आवक नंबर घातलेली पोच माझ्या पिशवीत होती. ती टेबलावर ठेवली तेव्हा अर्ज पाच मिनिटांत सापडला. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नका. झेरॉक्सवर शिक्का आणि तारीख घ्याच, मागे रांग कितीही ओरडो.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? रस्त्यांची नोंदवही तालुक्याच्या त्या राज्य बांधकामाच्या कार्यालयातच होती. कापडी बांधणीची, कोपरे झिजलेली, बाबूंच्या पाठीमागच्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर. मला ती प्रत्येक खेपेला दिसायची. एकदा म्हटलंही, "भाऊ, ती काढा ना, दोघं मिळून पाहू." ते म्हणाले, असं पाहता येत नाही. अकरा खेपा झाल्या. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडलं, पण त्या दिवशी चक्की बंद राहायची आणि लोक दळण घेऊन दुसऱ्या गावी जायचे, त्याचा हिशेब कोण देणार?

शेवटी माझ्या भाच्यानं सांगितलं, माहितीचा अधिकार लाव. हे मी पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं. जोडपत्र अ, म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत. "रस्ता कोणाचा?" असं विचारू नका, त्याला उत्तर टाळता येतं. मी लिहिलं : अमुक गावाच्या हद्दीतील रस्त्याची नोंद असलेल्या नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी. कागद मागा, मत मागू नका. मुदत 30 दिवसांची, उत्तर अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. आत एकच पान. प्रजिमा, म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग, साखळी क्रमांक 6/400 ते 7/250, म्हणजे किलोमीटर 6.400 ते 7.250, आमचे तेच साडेआठशे मीटर, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द, "गावातील लांबी". ज्या कार्यालयानं अकरा वेळा आमचा नाही म्हटलं, त्यांच्याच वहीत, त्यांच्याच अक्षरात.

मी ते पान घेऊन बसस्थानकावर बसले आणि रडले. आनंदानं की रागानं, आजही सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात अभिप्राय निघाला, दोन ओळींचा, "हरकत नाही".

मधल्या काळात एक वाईट गोष्ट झाली, तीही सांगायला हवी. गावातल्या पोट्ट्यांनी वाट पाहून कंटाळून एका रात्रीत मुरूम आणि सिमेंटचा गतिरोधक टाकला, गुडघाभर उंच. त्यावरून 108 ची गाडी एका बाळंतिणीला घेऊन गेली आणि आतल्या दणक्यानं तिची आई किंचाळली, ते मी चक्कीच्या दारातून ऐकलं. सकाळी आम्ही तो फोडला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, आणि तो रस्ता ज्यांचा त्यांनीच टाकायचा असतो. या मागणीलाही तेच पान कामी आलं.

जिल्हाधिकाऱ्यांनी आधी एका महिन्याची तात्पुरती बंदी घातली. महिनाभराच्या आतल्या बंदीला राजपत्र लागत नाही, गावात जाहीर केलं की पुरे, म्हणून तात्पुरती आधी मागून घ्या. दवंडी झाली, दोन्ही वेशींवर बोर्ड लागले. पहिल्या सकाळी साडेदहाला पोरं शाळेत निघाली तेव्हा रस्त्यावर फक्त ढोरं होती. मी फडकं सोडून दळण केलं. हॉटेलवाल्या भाऊंचा धंदा निम्म्यावर आला, हे खरं आहे, आणि ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. रात्री आठनंतर ट्रक येतात ते येतातच.

आता कायमच्या अधिसूचनेचा मसुदा निघाला आहे आणि हरकती मागवल्या आहेत. त्यात पर्यायी मार्ग म्हणून तांड्याचा रस्ता लिहून टाकला आहे. ठरावात आम्ही स्पष्ट नको म्हटलं होतं, तरी. नायक परवा संध्याकाळी मसुद्याचा कागद घेऊन चक्कीवर आले. त्यांची हरकत मीच लिहून दिली, खाली तांड्यातल्या एकेचाळीस सह्या आहेत आणि बेचाळिसावी माझी. पोच सोमवारी आणायची आहे.