सू-मेगचा मुक्काम

शनिवार, रात्र

तंबू दमट, स्लीपिंग बॅग दमट, आणि तरी उद्या निघावंसं वाटत नाहीये.

जुलै महिना. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ट्रिनिडाड गावाच्या पुढे १०१ हायवे सोडून सू-मेग पार्कात वळलो तेव्हा सगळे टी-शर्टवर होतो. तंबू ठोकेस्तोवर स्वेटर, जॅकेट, कानटोपी. या किनाऱ्याला खालचं गार पाणी वर येतं, त्यावरची हवा निवते आणि धुकं दिवसभर कड्यांना धरून बसतं. स्प्रूसच्या फांद्यांवरून पाऊस नसताना पागोळ्या गळतात. बायको वैतागली, मी कोकणातला, मला बरंच वाटलं.

संध्याकाळी तासभर ऊन पडलं तसे अगेट बीचवर उतरलो. वाट चांगलीच खडी. पाण्यात शिरायचं नावच नको, लाटा दगाबाज आहेत. पण लाट मागे सरली की खड्यांचा ओला पट्टा उघडा पडतो. मग उन्हाकडे तोंड करून, कमरेत वाकून बघत राहायचं. सगळे करडे, काळे, हिरवट गोटे. त्यातच एखादा अकीक, म्हणजेच अगेट, साखरेच्या पाकासारखा आतून उजळतो. तेवढ्यात पुढची लाट येते आणि पळापळ. लेकीला चार मिळाले, मला एक, तोही तिनेच दाखवलेला.

इथल्या गावाबद्दल मात्र आधी काहीच ठाऊक नव्हतं. १९९० साली पार्कात इथल्या मूळच्या युरोक आदिवासींचं पारंपरिक पद्धतीचं गाव उभारलं, रेडवूडच्या फळ्यांची घरं. दार म्हणजे फळीत कापलेलं गोल भोक, गुडघे टेकूनच आत जायचं. आत मधोमध खड्डा, तिथे चूल. मुलगी आत-बाहेर करून थकेना. पार्कचं नाव २०२१ पर्यंत 'पॅट्रिक्स पॉइंट' होतं, पॅट्रिक बीगन या गोऱ्या वसाहतकाराचं. त्याच्यावर आदिवासींच्या हत्यांचे आरोप होते. युरोक लोकांच्या मागणीवरून त्यांचंच जुनं नाव, सू-मेग, परत दिलं. नावं बदलण्याच्या कार्यक्रमांना मी एरवी नाक मुरडतो. त्या भोकातून रांगत बाहेर आल्यावर इथे मुरडावंसं वाटलं नाही.

रात्री पिठलं-भात. अस्वलांच्या भीतीने खाण्याचं सगळं लोखंडी कपाटात बंद करायचं, टूथपेस्टसकट. गोडा मसाला ठेवताना बायको म्हणाली, "अस्वलाला कळलं ना, तर कपाट उपटून नेईल."

उद्या ओहोटी सकाळी लवकर आहे. लेकीने आत्ताच बूट तंबूच्या दाराशी लावून ठेवलेत.