दोन आणि चार: न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांत बसायला शिकलो त्याचा अनुभव

पहिल्या वेळी पार पचका झाला होता, तर तिथूनच सुरुवात करतो. २०१८ च्या फेब्रुवारीत कंपनीने प्रोजेक्टवर जर्सी सिटीला पाठवलं आणि तिसऱ्याच आठवड्यात मी मॅनहॅटनमधल्या एका क्लबचं तिकीट काढलं, नाव नको घेऊया. वेबसाईटवर फोटो झकास, मेणबत्ती, सॅक्सोफोन वगैरे. प्रत्यक्षात माझं टेबल खांबाच्या मागे, म्हणजे मला ड्रमरचा एक हात आणि पियानोवाल्याचे बूट दिसत होते, शेजारी बसभर टुरिस्ट, त्यांचं सेल्फी आणि बर्गर चालू. तिकिटाशिवाय माणशी ठरावीक रकमेचं खायलाच पाहिजे हे बारीक अक्षरात लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं, आणि कहर म्हणजे शेवटचं गाणं ऐन रंगात आलेलं असताना वेटरने बिल आणून ठेवलं. टिप धरून ९६ डॉलर! मी मनातल्या मनात रुपयात गुणाकार करत होतो तेवढ्यात गाणं संपलं. घरी येताना वाटलं, यापेक्षा डोंबिवली लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकायचो ते बरं होतं.

खरंच बरं होतं. पवईला नोकरीला होतो तेव्हा डोंबिवली ते कांजूर रोज जायचो आणि त्यात माझं ठरलेलं ऐकणं म्हणजे पियानोवाला बिल एव्हान्स याच्या ट्रिओचं, म्हणजे तिघांच्या संचाचं, २५ जून १९६१ चं रेकॉर्डिंग. व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या क्लबात एका रविवारी दुपारी नि रात्री मिळून पाच सेट, म्हणजे कार्यक्रमाच्या पाच फेऱ्या झाल्या, तेच रेकॉर्ड झालेत. त्यातला बास, म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, वाजवणारा स्कॉट लाफारो पंचवीस वर्षांचा पोरगा, अकरा दिवसांनी गाडीच्या अपघातात गेला. त्या रेकॉर्डिंगमध्ये मागे ग्लासांचा आवाज येतो, कोणीतरी गप्पा मारतंय, हसतंय. मला कायम राग यायचा त्या लोकांचा, अरे समोर काय चाललंय आणि तुम्ही हसताय काय! तर त्या क्लबात एकदा जायचंच हे डोक्यात पक्कं होतं, पण पहिल्या पचक्यानंतर दोन-तीन महिने हिंमत झाली नाही.

मग ऑफिसातल्या एकाने सांगितलं की आधी स्मॉल्सला जा, स्वस्त आहे आणि कोणी हाकलत नाही. पाथ ट्रेनने, म्हणजे जर्सी-मॅनहॅटन लोकलने, ग्रोव्ह स्ट्रीटहून ख्रिस्तोफर स्ट्रीटला उतरायचं, तिथला तो अरुंद जिना चढून वर आलं की चालत सात-आठ मिनिटं, वेस्ट टेन्थ स्ट्रीटवर एक साधं दार. दारातून थेट खाली जिना. खाली तळघर, आपल्या चाळीतल्या दोन खोल्या जोडल्या तर होईल एवढं, ओळीने खुर्च्या, मागे बार, आणि क्लबाची स्वतःची एक मांजर. १९९४ साली हा क्लब सुरू झाला तेव्हा म्हणे दारूचं लायसन्सच नव्हतं, दहा डॉलर द्या आणि सकाळपर्यंत बसा. २००३ मध्ये बंद पडला, मग पुन्हा उघडला. मी जायचो तेव्हा वीसेक डॉलर आणि एक ड्रिंक. ड्रिंक म्हणजे दारूच असं नाही हां, मी कित्येकदा जिंजर एलवर रात्र काढली आहे आणि कोणी वाकडं बघितलं नाही.

इथे मी दुसऱ्या ओळीत, ड्रमपासून पाच-सहा फुटांवर. आणि इथे माझी खरी फजिती झाली. मी लहानपणी चार वर्षं तबला शिकलोय, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्यात, त्यामुळे आपल्याला ताल कळतो असा एक माज होता. गाणं सुरू झालं, मी मांडीवर टाळी धरली, आपली सवय म्हणजे जोर समेवर, चार मात्रांतल्या एक आणि तीनला. शेजारी चपटी टोपी घातलेले एक म्हातारे काका होते, सत्तरी उलटलेली, ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले आणि मग सेट संपल्यावर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरा, दोन आणि चार." मला काही झेपलं नाही. त्यांनी ड्रमरचा डावा पाय दाखवला. हाय-हॅट, म्हणजे त्या दोन झांजा एकावर एक, त्या पायाने मिटतात त्या दोन नि चारवर. पुढच्या सेटला मी फक्त तो पाय बघितला, बाकी काही नाही, चिक, चिक, चिक, आणि विसाव्या मिनिटाला कधीतरी माझं शरीर उलटं झालं, म्हणजे तोपर्यंत जे गाणं पुढे ढकलल्यासारखं वाटत होतं ते एकदम झोका घ्यायला लागलं. स्विंग स्विंग म्हणतात ते हे. दहा वर्षं ऐकत होतो आणि एकावर जोर देऊन ऐकत होतो!

तेव्हापासून दर गुरुवारी किंवा शुक्रवारी स्मॉल्स, आणि काका असले तर शिकवणी. काका पोस्टातून रिटायर झालेले, स्वतः काही वाजवत नाहीत, नुसतं ऐकतात. त्यांनी मला मोजायला शिकवलं. बहुतेक जुनी गाणी ३२ बारची (एक बार म्हणजे चार मात्रा), आठ-आठचे चार तुकडे, पहिला, दुसरा आणि चौथा सारखा आणि तिसरा वेगळा, त्याला ब्रिज म्हणतात. काका म्हणाले बाकी सगळं सोड, नुसता ब्रिज पकड. सोलो वाजवणारा कितीही लांब भरकटू दे, ब्रिज आला की बासवाल्याची वाट बदलते, ती ऐकू आली की तू कुठे आहेस ते कळतं. ब्लूज असेल तर १२ बार, म्हणजे चार-चार मात्रांनी ४८ मात्रांचं आवर्तन. हे कळल्यावर मला वाटलं चला, आपलंच आहे सगळं, सम आली की वाहवा करायची. पण इथे परत आपटलो. आपल्याकडे सगळे फिरून समेवर येतात आणि मान डोलते, इथे ड्रमर मुद्दामच समेवर गप्प बसतो आणि अर्धी मात्रा आधी किंवा नंतर हाणतो. मी एकटाच "वा!" म्हणायचो आणि आजूबाजूला शांतता. तेव्हा 'जॅझ म्हणजे अमेरिकेचं शास्त्रीय संगीत' असं कोणी म्हटलं की मी आता थोडा गप्प राहतो, मदत होते त्या तुलनेची, पण तेवढीच ती फसवतेही.

सगळ्यात जास्त कळलं ते रात्री एकनंतरच्या जॅममध्ये, म्हणजे येईल त्याने वाजवायच्या मैफलीत. पाठीला वाद्यांच्या पेट्या अडकवलेली पोरं जिन्यावर उभी असतात, नावं दिलेली असतात, एकेकाला बोलावतात. कोणी कोणाला ओळखत नाही, कागद नाही, एकजण गाण्याचं नाव आणि स्वर सांगतो आणि वन टू. मग हे सगळं चालतं कसं? खुणांवर. एका ट्रम्पेटवाल्या पोरीने वाजवता वाजवता चार बोटं वर केली, मला वाटलं बारवाल्याला काहीतरी सांगतेय, तर ती खूण ड्रमरला होती, आता चार बार मी, चार बार तू. म्हणजे आपला सवाल-जवाबच, फक्त ड्रमरने तिचीच तिहाई परत करायची नसते, त्याने स्वतःचं बोलायचं. मग तिने डोक्यावर टपली मारली, हेड, म्हणजे मूळ चालीवर परत या. त्या रात्री एक सोळा-सतराचा मुलगा सॅक्सोफोन घेऊन चढला आणि ब्रिजमध्ये हरवला. मला कळलं की तो हरवलाय! मला! पियानोवाल्याने नुसते जरा ठळक दोन कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबायचे स्वर, दाबले, पोराने डोळे उघडले आणि परत रस्त्यावर आला. बाकी कोणाला समजलं की नाही कोण जाणे, काकांनी मला कोपराने ढोसलं. रात्री अडीचला पाथ हॉबोकनला वळसा घालून जायची, त्यात अर्धा तास जादा गेला तरी मी खूश.

एकदा काकांनी विचारलं इंडियात कुठला, मी म्हटलं बॉम्बे, काम पवईत करायचो. पवई म्हटल्यावर म्हातारा ताठच झाला. म्हणाले सॅक्सोफोनवाला सनी रोलिन्स तिथे राहिला होता ना! मी म्हटलं कोण? कुठे? तर एकोणीसशे साठच्या दशकाच्या शेवटी रोलिन्स सगळं सोडून काही महिने पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि पुढे १९७८ ला मुंबईत जॅझ यात्रा नावाचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा वाजवायलाही आला. मी पाच वर्षं त्या तलावाला ट्रॅफिकमध्ये शिव्या घालत होतो आणि ही गोष्ट मला न्यूयॉर्कच्या तळघरात एका पोस्टमनकडून कळली. तसंच चर्चगेटचं. पन्नास-साठच्या दशकात त्या रस्त्यावरच्या हॉटेलांत रोज रात्री गोव्याची मंडळी जॅझ वाजवायची, ख्रिस पेरी, चिक चॉकलेट, आणि त्यातले कितीतरी जण दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला. माझे बाबा तीस वर्षं चर्चगेटला उतरायचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, "हो, आवाज यायचा बाहेर. पण आत जायचे पैसे कोणाकडे होते रे."

मग शेवटी व्हॅनगार्ड. सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर लाल छत, खाली पंधरा पायऱ्या. १९३५ पासून त्याच तळघरात. खोली पाचरीसारखी, निमुळत्या टोकाला स्टेज, १२३ माणसं म्हणजे हाऊसफुल्ल. किचन आहे पण त्यात स्वयंपाक होत नाही, ती कलाकारांची खोली. तिकीट तेव्हा ३५ डॉलर आणि एक ड्रिंक, जागा ठरलेली नसते, जो आधी येईल तो पुढे, म्हणून साडेआठच्या सेटला मी सातलाच रांगेत. फोन बंद, फोटो नाही, सांगतात तेव्हा जरा दमात सांगतात आणि मला ते फार आवडलं.

त्या रात्री ट्रिओ होता. तिसऱ्या गाण्यात बास सोलो. इथे एक माझी तक्रार आहे, प्रत्येक सोलो संपला की टाळ्या वाजवायची पद्धत आहे आणि त्यात पुढच्याचे पहिले दोन-तीन बार बुडतात, आणि ते कायम बिचाऱ्या बासवाल्याचेच असतात. तर टाळ्या विरल्या, ड्रमरने ब्रश खाली ठेवले, पियानो थांबला, पूर्ण खोलीत फक्त ती जाड तार आणि त्याच्या बोटांची खरखर. आणि माझ्या ग्लासात बर्फ तडकला. नुसता तडकला नाही, सरकून काचेवर टण्ण! मला वाटलं जमीन दुभंगावी. बासवाला नऊ-दहा फुटांवर, त्याने वर न बघता तोच टण्ण वरच्या तारेवर एकदा वाजवला आणि पुढे गेला. पुढच्या टेबलावरची बाई हसली. आणि त्या क्षणी मला ते १९६१ चे ग्लासवाले आठवले ज्यांना मी इतकी वर्षं कांजूरमार्गपर्यंत शिव्या दिल्या होत्या.

२०१९ च्या उन्हाळ्यात आई आली होती सहा आठवडे. फोनवर कायम तिचं एकच, अरे रात्री दोन वाजता तळघरात काय करतोस. म्हटलं चल दाखवतो. सोमवारी व्हॅनगार्डला बिग बँड असतो, सोळा जणांचा, १९६६ च्या फेब्रुवारीपासून दर सोमवारी, ट्रम्पेटवाला थॅड जोन्स आणि ड्रमर मेल लुईस यांनी सुरू केलेला. तेवढ्याशा स्टेजवर सोळा माणसं, ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या मानेवरून जातेय, आई म्हणाली, "बाई गं, ही तर सकाळची फास्ट लोकल." क्रॅनबेरी ज्यूस घेतला, शाल पांघरली. पहिला दणका बसला तेव्हा माझा हात घट्ट धरला, मग सोडला, मग दुसऱ्या गाण्याला टाळी धरली, आरतीची, एक आणि तीनला, अगदी खणखणीत. मी तिला सांगायला वळलोच होतो, दोन आणि चार गं आई. ती डोळे मिटून बसली होती. राहू दे म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला फोनवर सांगत होती, "तळघरात होतं गं, पण लोक सज्जन होते. एसी मात्र फार."